आज्ञाधारक काडतुसं

११ ऑगस्ट, रविवार

आज पुन्हा तीन गोळ्या गेल्या.

मृणालचे पाचशे एकोणऐंशी झाले. तिसऱ्या आलेल्या मुलीचे पाचशे चौऱ्याऐंशी. राज्याच्या संघात तिघींनाच जागा असते, म्हणजे माझी मुलगी सलग तिसऱ्या वर्षी चौथी. साठ गोळ्यांपैकी सत्तावन्न दहाच्या नाहीतर नऊच्या वर्तुळात, आणि तीन उजवीकडे भरकटून थेट सहात. त्या तीन सहांच्या जागी दहा धरले तर पाचशे एक्क्याण्णव होतात. म्हणजे पहिली.

कोच अनिमेष सेनगुप्ता म्हणाला, "हवा थी, चौबळसाहब." तीनशे मीटरवर हवा असतेच. पण साठातल्या नेमक्या तीनच गोळ्यांना लागणारी हवा मी चौतीस वर्षांत पाहिलेली नाही, आणि माझी चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या दारूगोळा तपासणी खात्यात गेली आहेत. वाईट काडतूस ओळखणं, एवढ्याच कामाचा पगार खाल्ला मी.

परत येताना गाडी मृणाल चालवत होती. मी शेजारी बसलो होतो. विचारलं, "शेवटच्या विसांत काय झालं?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवून. तेव्हा रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "काडतुसं खराब असतील, बाबा."

बरं वाटलं. सबबी सांगणारी मुलगी नाही ती. ती म्हणते म्हणजे काडतुसंच.

१४ ऑगस्ट

ठरलं. संघटना वाटते ती काडतुसं तिला द्यायची नाहीत. आपली आपण भरायची.

आमच्या नेमबाजी क्लबकडे त्याचा परवाना आहे. दारू क्लबच्या कोठारात, कामही तिथंच, कुलपाच्या आत. नाही ती फक्त प्रेस. ती निवडायचं काम समितीनं माझ्यावर टाकलं. ज्यांना त्यातलं कळत नाही ते खूश झाले, आणि ज्यांना थोडं कळतं ते खाली बघत बसले, काम अंगावर येईल म्हणून.

कशी हवी हे मला पक्कं माहीत आहे. वापरलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाची नळी, पुन्हा आकारात दाबायची आणि तिच्या तोंडात नवी गोळी सरळ बसवायची, हे प्रेसचं काम. दांडा एकदा ओढला की चार-चार कामं उरकणाऱ्या प्रेस मिळतात. त्या घाईच्या लोकांसाठी. मला एका वेळी एकच काम करणारी हवी. वेळ जातो, पण एकेक काडतूस डोळ्यांखालून जातं. गोळी केसाइतकी जरी तिरकी बसली तरी तीनशे मीटरवर तिचा पत्ता बदलतो. मृणालच्या तीन गोळ्या तिथंच चुकतात, याबद्दल मला शंका नाही.

संध्याकाळी वृंदाची कटकट, की टीव्ही एवढा मोठा का. मी म्हटलं, मी नाही लावलेला, तुझ्या लेकीनं लावलाय. माझा डावा कान तर एकोणीसशे नव्वदपासूनच गेला, चाचणीच्या मैदानावर. सतत शिटी वाजते. त्यासाठी मी कधी एक रजा मागितली नाही. आजकालच्या पोरांना टीव्हीसुद्धा साधा ऐकवत नाही.

२४ ऑगस्ट

धर्मतल्ल्याला जुनं बंदुकीचं दुकान आहे, तिथं जाऊन आलो. आता तिथं बंदुका कमी आणि धूळ जास्त.

मालकानं आधी नव्या प्रेसचं चित्र दाखवलं. लाल रंग, हलका धातू, चौकट इंग्रजी सी अक्षरासारखी पुढून उघडी. हात घालायला सोपी, दिसायला देखणी. पण जोर लावला की उघडी चौकट किंचित जांभई देते, आणि ती जांभई थेट गोळीच्या सरळपणात उतरते. आमच्या खात्यात असा माल मी दारातूनच परत पाठवला असता.

मग कोपऱ्यातून त्यानं एक जुनं धूड ओढून काढलं. हिरवी, ओतीव लोखंडाची, चौकट चारी बाजूंनी बंद. चहाच्या मळ्यातल्या कुणा साहेबाची होती म्हणे, चाळीस वर्षांपूर्वीची. दांडा ओढला. दट्ट्या वर चढताना जराही कुरकुरला नाही. पण वर पोचल्यावर बोटानं ढकलला तर हलतो. थोडासाच, पण हलतो.

नवी लाल की जुनी हिरवी? नवी आज सरळ आहे आणि उद्या वाकणार. जुनी आज झिजलेली आहे पण वाकणार कधीच नाही. झीज भरून काढता येते. वाकडेपणाला इलाज नसतो. मला माणसांच्या बाबतीतही असंच वाटतं.

हिरवी उचलली.

८ सप्टेंबर, रविवार

दीड दिवसाचा गणपती. विसर्जन ढाकुरियाच्या तळ्याच्या बाजूला, बादलीतच. आरतीला चार माणसं, इथं मराठी घरं तेवढीच. अविनाश साठे म्हणून बँकेत बदलून आलेले आहेत, ते मुलीला घेऊन आले होते. सतरा वर्षांची आहे, ऋचा. छोटी रायफल चालवते, आता मोठी शिकायची म्हणते. मृणालकडे टक लावून बघत होती.

ते गेल्यावर मृणाल माझ्या खोलीत आली. टेबलावर प्रेस, शेजारी वंगणाची बाटली.

"बाबा, ही नका ठेवू."

"का? टेबल खराब होतं?"

"तसं नाही. प्रेसच नको. कशाला एवढी खटपट? मी... मला नकोय."

"खटपट माझी आहे. तुला फक्त दांडा ओढायचाय आणि गोळ्या झाडायच्यात."

"तेच तर."

"काय तेच?"

तिनं वंगणाच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. मी म्हटलं, "तू माझी काळजी करू नकोस. मला यात आनंद आहे. निवृत्त माणसाला काम लागतं." वृंदा दारात उभी होती. म्हणाली, "अहो, ती काय म्हणतेय ते तरी ऐकून घ्या." मी म्हटलं, ऐकलंच की. बापानं तिच्यासाठी राबू नये असं वाटतंय तिला. गुणी आहे. आजकाल कोण एवढा विचार करतं?

मृणाल हसली आणि निघून गेली. वृंदानं मात्र रात्री पोळ्या जरा जास्तच जोरात लाटल्या.

२१ सप्टेंबर

हावड्याला दुलालबाबूंकडे. सत्तरीचा कारागीर. लेथ त्याच्याहून म्हातारी, पण अजून केसाच्या जाडीइतकी अचूक चालते. दट्ट्याची झीज भरून काढायला नवी कांस्य धातूची बुश, म्हणजे आतलं कडं, बसवून हवी होती. तपासून म्हणाला, होईल, आठ दिवसांनी या.

मग दांडा दोनदा खालीवर करून त्यानं विचारलं, "के टानबे?" म्हणजे, ओढणार कोण?

मी म्हटलं, मुलगी. नेमबाज आहे, काडतुसं तिची.

"मग तिला घेऊन या ना. तिची उंची, तिचा हात बघून दांडा कापतो."

म्हटलं, गरज नाही, मी सांगतो तिची उंची. पाच फूट चार.

त्यानं हात पुसले, कागदावर आकडा लिहिला आणि म्हणाला, "आमच्याकडे लोक लग्नाची अंगठीसुद्धा अशीच करून नेतात. मग घालणारीच्या बोटाला बसत नाही, आणि दोष सोनाराला."

फार बोलतो हा माणूस. काम मात्र चांगलं.

११ ऑक्टोबर

दुर्गापूजेची अष्टमी. बालीगंजात पाऊल ठेवायला जागा नाही. खालच्या मंडपातला ढाक, पूजेचा मोठा ढोल, सकाळपासून चालू आहे. लहानपणी ढाक वाजला की मृणाल चप्पल न घालता पळायची, आम्ही मागून. यंदा सगळ्या खिडक्या लावून आत उशीखाली डोकं घालून पडली. सव्विसाव्या वर्षी म्हातारी झाली बहुतेक.

प्रेस आली. बुश झकास. दट्ट्या आता हलत नाही, काडतूसही हलणार नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

पूर्व विभागाची स्पर्धा. पाचशे ऐंशी. तीन सहा. उजवीकडे. काडतुसं अजून संघटनेचीच.

सेनगुप्तानं खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला. समितीचे एक महाशय मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, काडतुसांचं काय घेऊन बसलात, बाकीच्या मुली तीच काडतुसं वापरतात. प्रेस वापरात घेण्याआधी काडतुसंच सदोष आहेत याचा लेखी पुरावा द्या म्हणाले.

देतो. पुराव्यावरच जगलो मी.

१० नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस लागले. तीन वर्षांतल्या नऊ स्पर्धांची टार्गेटं मी जपून ठेवली आहेत. प्रत्येक स्पर्धेच्या साठ गोळ्या एकेका ट्रेसिंग पेपरवर उतरवल्या. प्रत्येक भोकाशेजारी त्या गोळीचा क्रमांक, माझ्या नोंदवहीतून. सकाळी बाल्कनीच्या काचेवर नऊ कागद एकावर एक चिकटवले, उजेड मागून येईल असे.

मधल्या गोळ्या ठीकच. जेवणाच्या ताटाएवढा घोळका. उजवीकडचे चुकलेले सत्तावीस ठिपके एका बशीत मावतील.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. बशीच.

खराब काडतूस म्हणजे कुठं जाईल याचा भरवसा नसलेलं काडतूस. दारू कमीजास्त झाली तर गोळी वर नाहीतर खाली. तिरकी बसली तर कुठंही. तीन वर्षं, वेगवेगळ्या डब्यांतली, वेगवेगळ्या हवेतली सत्तावीस खराब काडतुसं एकाच बशीत जाऊन पडत नाहीत. इतकी आज्ञाधारक काडतुसं कुठल्याही कारखान्यानं बनवलेली नाहीत.

रायफल? तीच रायफल सप्टेंबरात सेनगुप्तानं झाडून पाहिली होती, त्याच डब्यातल्या काडतुसांनी. एकही गोळी उजवीकडे नाही. डोळा थकतो म्हणावं, तर थकलेला डोळा इतका नेटका नसतो. क्रमांक पाहिले. सत्तावीसच्या सत्तावीस चाळिसाव्या गोळीनंतरच्या. एकूण चांगली चालली आहे असं दिसल्यावरच्या.

तिची सगळ्यात सुंदर नेमबाजी या चुकांमध्ये आहे.

नवख्या तपासनिसाला हे पहिल्या दिवशी दिसलं असतं. मी प्रेस निवडत होतो.

११ नोव्हेंबर

ती ऑफिसातून आली, सेक्टर फाइव्हहून. चहा होईपर्यंत थांबलो. मग ट्रेसिंग पेपरचा गठ्ठा तिच्यापुढं ठेवला आणि वरचा दिवा लावला. तिनं एकदाच पाहिलं. कागद उलटवलेसुद्धा नाहीत.

"मुद्दाम?" मी विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली.

त्यानंतर माझ्या तोंडून जो प्रश्न निघाला तो इथं लिहिलाच पाहिजे, नाहीतर या वहीला काही अर्थ नाही. मी म्हणालो, "वाऱ्यातसुद्धा इतकं नेमकं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि हसू तसंच तोंडावर ठेवून ती रडायला लागली. वृंदा स्वयंपाकघरातून आली. "आता सांग. नाहीतर मी सांगते."

मृणालनं कपाटातून एक फाईल आणली. सॉल्ट लेकमधल्या कानाच्या डॉक्टरांची. तारीख तीन वर्षांपूर्वीची. आलेख वाचता येतो मला. डाव्या कानाची रेघ निम्म्यावर येऊन कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. उजव्या कानाची पडायला लागली होती. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं: गेलेलं परत येणार नाही, उरलेलं वाचवायचं असेल तर गोळीबार आजपासून बंद.

"शिटी वाजते," ती म्हणाली. "सतत. मीटिंगमध्ये डावीकडून कुणी बोललं की मी नुसती मान हलवते."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. अठरा वर्षांची असताना. मोठी रायफल पहिल्यांदा झाडली त्या आठवड्यात. तुम्ही म्हणालात, माझ्या कानात कितीतरी वर्षं वाजतेय, मी एक रजा घेतली नाही."

मला हे आठवत नाही. पण वाक्य ओळखलं. माझंच आहे.

"मग सोडते म्हणायचं सरळ."

"तुम्हाला?" भांडताना ती बंगालीत शिरते, इथंच वाढली. "आर पारछिलाम ना, बाबा. नव्हतं होत मला. पण सोडली असती तर तुम्ही माझ्यावर चिडला असता. हरले की तुम्ही काडतुसांवर चिडता. मला वाटलं, दोन-तीन वर्षं अशी हरत राहिले की तुम्हीच कंटाळाल. तुम्ही प्रेस घेऊन आलात."

मी विचारलं, "कानात प्लग असायचे ना पण? मी स्वतः आणून द्यायचो."

"असायचे. डावा अर्धा बाहेर. तुम्ही डावीकडे उभे राहायचात ना, सरावात. श्वास धर, सोड, खांदा सैल. ते ऐकू यायला हवं म्हणून. तुम्हीच सांगितलं होतंत. कानांवरून घालायचा मफ रायफलच्या दस्त्याला, बटाला लागतो, डोकं सरकतं, म्हणून मफ नाही. आणि डावा प्लग अर्धा बाहेर."



१९ नोव्हेंबर

आठवडाभर काही लिहिलं नाही.

आज वृंदाला म्हणालो, "तुला तीन वर्षं माहीत होतं." राग होता, लपवला नाही.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हो. डॉक्टरांकडे मीच गेले होते तिच्याबरोबर."

"मग एका घरात राहून—"

"एका घरात राहून मी तुमच्याशी तीस वर्षं ओरडून बोलतेय. सुरुवातीला शेजारच्यांना वाटायचं, आमचं रोज भांडण होतं. तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं, की वृंदा, तुझा घसा दुखतो का?" तिनं देठं वेगळी केली. "तिनं माझ्याकडून शपथ घेतली होती. आणि खरं सांगू? तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तिला समजावलं असतं. तुम्ही समजावलं की ती ऐकते. मला तीच भीती होती."

मी म्हटलं, मी काही राक्षस नाही.

"नाही," ती म्हणाली. "राक्षस असतात तर तेराव्या वर्षी तिला रेंजवर नेलंत तेव्हाच पळाली असती. तुम्ही रविवारी पहाटे उठून तिच्यासाठी थर्मासमध्ये दूध भरायचात. म्हणून अडकली."

१ डिसेंबर, रविवार

मृणाल सॉल्ट लेकला राहायला जातेय. मानसी म्हणून ऑफिसातली मैत्रीण आहे, तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी आहे. ऑफिस जवळ पडतं, असं आम्ही तिघांनीही एकमेकांना सांगितलं.

पुस्तकांचं खोकं मी बांधत होतो. ती समोर, टेपची गुंडाळी धरून. मुद्दाम तिच्या उजव्या बाजूला गेलो आणि म्हणालो, "मृणाल, माझं चुकलं."

पूर्ण वाक्य. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल. मला वाटलं होतं, म्हटल्यावर काहीतरी सुटेल.

तिनं टेप कापली. "हं," म्हणाली.

"मी मनापासून म्हणतोय."

"मला माहीत आहे, बाबा. पण मला सांगून काय होणार? तुम्हाला बरं वाटेल. माझा कान तसाच." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. "सांगायचंच असेल तर रेंजवर जाऊन सांगा. तिथं अजून मुलं आहेत."

"जातो. सांगतो."

"आणि एक. मी मुद्दाम हरले हे कुणाला कळता कामा नये. निदान नेमबाज म्हणून तरी माझी अब्रू राहू दे."

टॅक्सी आली. वृंदा तिच्याबरोबर खोली लावून द्यायला गेली. मी खोकी उतरवली. टॅक्सीत तिघांना जागा होती.

१५ डिसेंबर, रविवार

समितीची बैठक. आधी प्रेसचा विषय. पुरावा द्यायचा होता, तो मी दिला नाही. तब्येतीचं कारण सांगून मृणाल खेळणं थांबवते आहे, एवढंच सांगितलं. यावर सगळे हळहळले. सेनगुप्ता उठून म्हणाला, खराब काडतुसांनी एका गुणी मुलीचं मन मोडलं, आता पुढच्या मुलांचं तसं होऊ नये. प्रेस एकमतानं मंजूर. टाळ्या. खोटं मी बोललो नाही. नुसता बसून राहिलो.

मग मी कानांचा विषय काढला. रेंजवर प्रत्येकाला प्लग आणि वर मफ, दोन्ही सक्तीचे करा. माझा डावा कान, खात्यातल्या माणसांचे कान, सगळं सांगितलं. मृणालचं सांगता आलं नाही, शब्द दिला होता.

सेनगुप्ता चमकून बघायला लागला. "चौबळसाहब, आपही का तो नियम है." आणि त्यानं भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर टाइप केलेला कागद. प्लास्टिकमध्ये घातलेला, आठ वर्षांपूर्वीचा. सरावासाठी सूचना, एकूण चौदा. त्यातली सहावी: मफ वापरू नये, बटाला अडतो. सातवी: सरावात डावा प्लग अर्धा बाहेर ठेवावा, म्हणजे प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येतो. खाली माझी सही आणि निवृत्तीपूर्वीचा हुद्दा.

मी विसरलो होतो. मृणालबरोबर जे जमलं होतं ते मी त्या वर्षी लिहून काढून क्लबला भेट दिलं होतं.

कागद खिळ्यावरून काढला. सेनगुप्ता म्हणाला, "ठेवा तुमच्याकडे, आमच्याकडे प्रती आहेत. प्रत्येक नव्या मुलाला एक देतो. याच कागदावर क्लबला अकरा पदकं आली आहेत."

सक्तीचा ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला.

१२ जानेवारी, रविवार

जाऊ नये असं वृंदाचं मत होतं. गेलो.

फौजेची रेंज, थंडी, गवतावर दव. मृणालच्या जागी आता ऋचा साठे. राज्याच्या संघाची निवड मार्चमध्ये आहे आणि सेनगुप्ताची तिच्यावर मोठी आशा आहे. तिची काडतुसं हिरव्या प्रेसवर भरलेली. सेनगुप्ता स्वतः भरतो, एकेक तपासून, मी शिकवलं तसं. मागच्या रविवारी तिचे पाचशे शहाऐंशी झाले. सगळे म्हणतात, प्रेसनं कमाल केली. दोघांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

ऋचा चटईवर पालथी पडून रायफल खांद्याला लावत होती. डाव्या कानातला नारिंगी प्लग अर्धा बाहेर. सेनगुप्ता तिच्या डावीकडे वाकून उभा.

मी येताना मफ घेऊन गेलो होतो. पातळ जातीचे, बटाला न लागणारे. तसले मिळतात. मी आठ वर्षांपूर्वी शोधले नव्हते, एवढंच. तिच्याजवळ उकिडवा बसलो. "ऋचा, बेटा, प्लग पूर्ण आत घाल. आणि वरून हे लाव."

तिनं मान वळवून पाहिलं. मला बघून तिचा चेहरा फुलला. "काका! पण मग सरांचं ऐकू नाही येणार ना."

"नाही आलं तरी चालेल."

"पण सहा आणि सात नंबर?" तिला क्रमांक पाठ होते. "तुम्हीच लिहिलंय. मृणालताई पण असंच करायच्या ना?"

मी अविनाशकडे वळलो. ते मागे दुर्बीण लावून उभे होते. त्यांना बाजूला घेतलं. काय काय सांगितलं मी त्यांना! कान कसा जातो, परत कसा येत नाही, शिटी काय असते. मृणालचं नाव सोडून सगळं. ते मान डोलावत, आदरानं ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "काका, तुम्हाला मृणालचं लागलंय, समजतं आम्हाला. ती थांबली, आमची सुरू झाली. तुम्ही तरी येता, हेच मोठं आहे. तुमचा तो कागद ना, आम्ही घरी फ्रिजवर लावलाय."

"तो फाडून टाका."

ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारा विनय दाखवतोय.

"मार्चपर्यंत जाऊ दे," ते म्हणाले. "आत्ता काही बदलायला नको. लयीत आहे ती. मार्च झाला की नक्की बघू."

सेनगुप्तानं लाल झेंडा वर केला. सगळ्यांनी मागे व्हायचं. मला दंडाला धरून कुणीतरी पांढऱ्या रेषेच्या मागे नेलं. सेनगुप्ता वाकला, "श्वास धर. सोड. खांदा सैल," आणि ऋचानं पहिली गोळी झाडली. दहा. अविनाशनी दुर्बिणीतून पाहून मला अंगठा दाखवला.

साठ गोळ्या होत्या. मफ हातात धरून मी शेवटपर्यंत उभा होतो.